लालो सालामांका हसतो तेव्हाच जास्त भीती का वाटते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'बेटर कॉल सॉल' या अमेरिकी मालिकेतला, मेक्सिकन ड्रग टोळीचा लालो कधी आवाज चढवत नाही, तरी धास्ती त्याचीच का वाटते? आणि असा हसतमुख खलनायक दाखवून मालिकावाले ड्रगच्या धंद्याला झळाळी देतात असं तुमचे वडील म्हणतात, त्यात तथ्य आहे का? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. पुढे कथानक उघड होणार आहे, तेव्हा मालिका बघायची राहिली असेल तर आधी ती बघा.

लालोची जागा आधी लक्षात घ्या. कार्टेलचा, म्हणजे ड्रगचा धंदा करणाऱ्या टोळीचा, मालक डॉन एलादिओ. तो मेक्सिकोत आपल्या कोठीवर पोहण्याच्या तलावाकाठी बसतो आणि नोटांच्या गड्ड्या स्वीकारतो. त्याच्या खालोखाल हुआन बोल्सा, ज्याला हिशेब चुकायला नको आणि गाजावाजा व्हायला नको. मालक हुकूम सोडतो आणि मोकळा होतो. त्याचा दुष्टपणा दुसऱ्याच्या हातांनी होतो, म्हणून तो आपल्याला लांबचा वाटतो. हाताखालच्या माणसाला मात्र कुणाच्या तरी दारावर जाऊन टकटक करावी लागते. गुन्हेगारी मालिकांमधले लक्षात राहणारे खलनायक बहुतेक या दुसऱ्या फळीतले असतात ते यामुळेच. 'द वायर' या दुसऱ्या अमेरिकी मालिकेतला, ड्रग टोळीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला स्ट्रिंगर बेल आठवा. कॉलेजात जाऊन अर्थशास्त्र शिकतो, बैठका शिस्तीत घेतो आणि आपल्याच टोळीतल्या पोरांच्या जिवावर उठतो.

सालामांका घराण्यातच बघा. हेक्टर तापट आहे, तो चिडला की चेहऱ्यावर दिसतं आणि समोरच्याला सावध व्हायला वेळ मिळतो. लालो त्याचाच पुतण्या, पण त्याच्याजवळ ही सोय नाही. 'ब्रेकिंग बॅड' या आधीच्या मालिकेत 2009 साली सॉल हा वकील घाबरून दोन नावं बोलून गेला होता, इग्नासिओ आणि लालो. तेव्हा ती नुसती नावं होती. 2018 मध्ये, 'बेटर कॉल सॉल'च्या चौथ्या सीझनमध्ये, टोनी डाल्टन हा नट उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात शेगडीपुढे उभा दिसला आणि त्यातल्या दुसऱ्या नावाला चेहरा मिळाला. आल्या आल्या तो नाचोला, म्हणजे सालामांकांसाठी काम करणाऱ्या त्याच इग्नासिओला, जेवू घालतो. त्या प्रसंगात लालोकडे बघू नका, नाचोकडे बघा. लालो मोकळेपणानं बोलत असतो आणि नाचोला घास गिळवत नसतो. पुढेही अनेकदा आपण लालोला नाचोच्या डोळ्यांनी बघतो, आणि मला वाटतं दिग्दर्शकांची खरी करामत तिथे आहे.

पाचव्या सीझनमधला घरी येण्याचा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. जिमी या वकिलानं (पुढे जो सॉल होतो तोच) लालोच्या जामिनाचे 70 लाख डॉलर वाळवंटातून आणून दिलेत. गाडी बंद पडली, पायी आलो, असं सांगितलंय. लालोला त्या रात्री मेक्सिकोला निघून जायचं असतं, पण शंका आली म्हणून तो परत फिरतो. रस्त्याच्या कडेनं शोधत जातो, खाली ढकलून दिलेली गाडी त्याला सापडते आणि तिच्या पत्र्यावर गोळ्यांची भोकं दिसतात. मग तो जिमी आणि त्याची बायको किम यांच्या घरी येतो. धमकी नाही, शिवी नाही. माशांच्या टाकीपाशी घुटमळतो आणि म्हणतो, काय झालं ते सांग. जिमी सांगतो. परत सांग. जिमी परत सांगतो. आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला जिमीचा आवाज कोरडा पडतो आणि लालो मात्र गोष्ट ऐकायला बसलेल्या पाहुण्यासारखा निवांत असतो. भोकांचा विषय तो अगदी शेवटी काढतो. त्या खोलीतून त्याला बाहेर काढते ती किम. रिकाम्या गाडीवर कुणीही गोळ्या झाडतं, आणि इतकी रक्कम आणायला तुमच्याकडे भरवशाचा एक माणूस नसेल तर आधी आपलं घर सावरा, असं ती त्याच्या तोंडावर सुनावते.

लालो इथे गुप्तहेराचं काम करतोय. धागा सोडत नाही, लोकांचं बारकाईनं ऐकतो. कथांमध्ये आपण नेहमी शोधणाऱ्याच्या बाजूचे असतो, म्हणून नकळत त्याच्याही बाजूला जातो. आणि त्याच्या शोधाच्या शेवटी बहुतेक वेळा कुणीतरी मरतं.

पाचव्या सीझनच्या शेवटी आणि सहाव्याच्या सुरुवातीला हे अगदी उघडं पडतं. लालोच्या घरावर मारेकरी येतात, त्याच्या घरची जुनी माणसं मारली जातात आणि त्याला मनापासून दुःख होतं. ते ढोंग नाही, मालिका तसं स्पष्ट दाखवते. त्यानंतर तो पायी एका ओळखीच्या जोडप्याकडे जातो. मातेओ आणि सिल्विया त्याला मानतात, आदरानं घरात घेतात. मातेओच्या दातांचं काम लालोच्याच कृपेनं झालेलं असतं, आणि आता ते कसे आहेत याची तो चौकशी करतो. मातेओचा बांधा लालोसारखा. दाढी अमुक ठेवून बघ, असं लालो सुचवतो. पुढे लालोच्या घरी जे जळालेलं प्रेत त्याचं म्हणून सापडतं ते मातेओचं, आणि दातांच्या नोंदीही जुळतात. म्हणजे मदत केली तेव्हाच हा हिशेब डोक्यात होता. मदत आणि खून या त्याच्यासाठी वेगळ्या गोष्टीच नाहीत.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. ग्वाल्हेरात आम्हाला अमली पदार्थ म्हटलं की आधी सरकारी कचेरी आठवते. अफूच्या शेतीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय इथेच आहे. मंदसौर-नीमचकडच्या शेतकऱ्याचा पट्टा (परवाना), अफूच्या बोंडाला चीर देणं, शेवटी मालाचं वजन, सगळं नोंदवलेलं असतं. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत स्मॅक (हलक्या प्रतीचं हेरॉइन) आली ती एका अतिशय गोड बोलणाऱ्या मुलाकडून. माझ्या मित्राच्या धाकट्या भावाला त्यानंच लावली. त्या मुलाला कुणी कधी भांडताना पाहिलं नाही. मित्राच्या आईला तो काकी म्हणायचा, "काकी, गैस की टंकी मैं चढ़ा देता हूँ" म्हणत सिलिंडर वर नेऊन द्यायचा. भाऊ इस्पितळात पडला तेव्हा हा मोसंबी घेऊन हजर. काकांची पेन्शन कोणत्या तारखेला जमा होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो नेमानं यायचा. काकू त्याला चहा द्यायच्या. पोराच्या खिशात स्मॅक ओढायची पन्नी (चंदेरी कागद) सापडली, तरी कितीतरी दिवस त्यांचा त्या मुलावर संशय गेला नाही. जो आपली इतकी विचारपूस करतो त्याच्याबद्दल वाईट मनात येतच नाही.

म्हणून मिशा पिळणारा, खदाखदा हसणारा खलनायक मला खोटा वाटतो आणि लालो खरा. धंदा असाच चालतो, ओळखीवर, चौकशीवर, तुमच्या घरात काय कमी आहे हे माहीत असण्यावर.

आता वडिलांचा आक्षेप. तो मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. लालो देखणा आहे, रांधतो, म्हाताऱ्या काकाचं मन राखतो, आणि कुणा सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्यासारखं व्हावंसं वाटू शकतं. चुकीच्या मालिका बनतात, ज्यात मेलेल्या माणसाला नाव नसतं. इथे तसं नाही. लालोनं मारलेला फ्रेड हा पैसे पाठवायच्या दुकानातला साधा नोकरदार पोरगा. त्याचा गुन्हा इतकाच, की कॅमेऱ्याचं चित्रण दाखवायला तो नियमाप्रमाणे नाही म्हणाला. दुसरी मालिका त्याला तिथेच विसरली असती. इथे मात्र पुढच्या सीझनमध्ये जामिनाच्या सुनावणीला फ्रेडचे आईवडील कोर्टात बसलेले दिसतात. दुसऱ्या बाजूला जिमीनं लालोसाठी आणलेलं खोटं कुटुंब. जामीन मिळतो, आणि जिमीची नजर त्या आईबापांकडे जाते. कॅमेरा तिथे थांबतो, घाई करत नाही.

वडिलांना सगळी मालिका बघा असं म्हणू नका, 63 भाग आहेत आणि पहिले दोन सीझन त्यांना संथ वाटतील. पाचव्या सीझनचा सातवा भाग लावा. आधी दोन वाक्यांत फ्रेड कोण होता ते सांगा. मग कोर्टातल्या प्रसंगावर त्यांचं काय म्हणणं आहे ते इथे जरूर लिहा. त्यांचं मत बदललं नाही तरी मला वाचायला आवडेल.