स्वतःची खोली नको म्हणणारी मुलगी

"मॅडम, आम्ही तिला स्वतःची खोली देतोय. अटॅच्ड बाथरूम, खिडकीतून खाडी दिसते. तरी तोंड पाडून बसते. आमचं काय चुकलं, ते तरी सांगा."

आई हे सांगत होती तेव्हा मुलगी शेजारीच होती. पंधरा वर्षांची, दहावीतली. सॅक मांडीवरून खाली ठेवलीच नव्हती तिने. वडील फोनमधले फ्लॅटचे फोटो मला दाखवायला उतावीळ झालेले. धाकटा भाऊ आठवीत, तो त्या दिवशी आला नव्हता. ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही, दोन-चार तपशीलही बदलले आहेत.

मुलं आठवी ते दहावीच्या दरम्यान आली की घर बदलायचा विचार बऱ्याच घरांत सुरू होतो. दोघांना वेगळी खोली हवी, आजी येऊन-जाऊन असते, भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा. मग प्रश्न येतो: मोठं आणि लांबचं घ्यावं, की लहान पण भरवस्तीतलं? मी समुपदेशक, माझ्याकडे तो सरळ कधीच येत नाही. "मुलगी बोलत नाही", "मुलगा मोबाइल सोडत नाही" अशा वेषात येतो.

हे कुटुंब ठाण्यात घोडबंदर रोडवर एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहत होतं आणि कासारवडवलीच्या बाजूला तसाच, पण स्वतःचा तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. दुसरा पर्याय आईने चाचरत सांगितला. ठाण्याच्या अलीकडे मुंबईतल्या मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याजवळ, जुन्या चार मजली इमारतीत दोन बेडरूम. पैसे तेवढेच. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. वडिलांनी तो हात झटकून निकालात काढला होता. "तीन बेडरूम सोडून दोन कोण घेतं? आणि इथे सगळं आहे. गेटवर सिक्युरिटी, क्लबहाउस, पोहायचा तलाव, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, बाग. मुलांना बाहेर जायची गरजच नाही."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं, ही माझी चूक. मला वाटलं, दहावीचं वर्ष आहे, ताण आहे, जागा बदलायची भीती आहे. मी मुलीला झोपेचं आणि मोबाइलचं वेळापत्रक करून दिलं. दोन सेशन त्यात गेली. तिसऱ्या वेळी तिने वेळापत्रक नीट घडी घालून माझ्या टेबलावर परत ठेवलं आणि म्हणाली, "मी झोपते हो वेळेवर. करायला दुसरं काय आहे?"

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. तिला एक कोरा कागद दिला आणि तीन रकाने आखायला सांगितले. कुठे गेले, कशी गेले, कोणाला विचारावं लागलं. सोमवार ते रविवार.

पुढच्या आठवड्यात तो कागद आला. क्लास, बाबाची गाडी, बाबा. मैत्रिणीकडे, रिक्षा, आई (रिक्षा आईनेच बुक केली). स्टेशनरी, गेले नाही, ऑनलाइन मागवली. वाढदिवस, बाबाची गाडी, आई आणि बाबा दोघं. अख्ख्या आठवड्यात तिसरा रकाना रिकामा असलेली एकच ओळ होती: लॉबीत पार्सल आणायला, लिफ्टने.

वडिलांनी वाचलं आणि दुखावले. "अगं, पण सगळीकडे सोडतो की मी तुला! कधी नाही म्हटलंय?"

"बाबा, तू नाही म्हणत नाहीस. पण मला प्रत्येक वेळी मागावं लागतं."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पोडियम पुरतो. सायकल, लपाछपी, खालून आईला हाक मारणं, सगळं तिथे होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर मुलांना जे हवं असतं ते कंपाउंडच्या आत सापडत नाही. वीस रुपये खिशात घेऊन स्वतःच्या मनाने काहीतरी विकत घेणं, चुकीच्या गल्लीत शिरून परत फिरणं, "बी विंगमधल्या अमक्यांची मुलगी" ही ओळख थोडा वेळ बाजूला ठेवणं. ही मुलगी म्हणाली, "खाली बाकावर बसलं तरी सतराव्या मजल्यावरून आई बघते." आईने तिथल्या तिथे कबूल केलं की बघते.

घोडबंदर रोडला मी नावं ठेवत नाही, माझी भावंडं तिथे सुखाने राहतात. पण तो मुळात वाहतुकीचा रस्ता आहे. उरणच्या न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर तिथूनच अहमदाबाद महामार्गाला लागतात. त्यात वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम. मुलीचा क्लास गेटमधून दिसायचा, रस्त्याच्या पलीकडे. चालत पाच मिनिटंही नाहीत. तरी गाडीने जायचं, कारण रस्ता ओलांडायची हिंमत आई-बाबांचीही नव्हती. गाडी पुढे जाऊन यू टर्न घेऊन यायची. सत्तर-ऐंशी पावलांच्या अंतरासाठी पंधरा-वीस मिनिटं.

डोनाल्ड ॲपलयार्ड या अभ्यासकाने १९६९च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांवरच्या लोकांशी बोलून पाहिलं होतं. रस्ते दिसायला सारखे, फरक रहदारीचा. दिवसाला दोनेक हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या माणसांना सोळा हजारांच्या रस्त्यावरच्यांपेक्षा त्याच रस्त्यावर तिप्पट मित्र होते. आपल्याकडे असं कुणी मोजत बसत नाही, पण कुठल्या रस्त्यावर माणसं उभी राहून बोलतात ते सगळ्यांना माहीत असतं.

वडील तोडगे काढणारे गृहस्थ. त्यांनी लगेच सुचवलं, "पुढच्या वर्षी सोळा पूर्ण होतील, स्कूटी घेऊन देतो." मला इथे कायदा काढावा लागला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. शोरूममधल्या पेट्रोलवरच्या स्कूटर सहसा त्याच्या दुप्पट आणि वरच्याच असतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्कूटीचा विषय तिथेच मिटला.

मग मी त्यांना गृहपाठ दिला. दोन्ही ठिकाणी जायचं, शनिवार-रविवारी दुपारी नाही, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला. मुलं पुढे चालतील, आई-बाबा पन्नास पावलं मागे. कुठे वळायचं ते मुलं ठरवतील. मागून सूचना द्यायच्या नाहीत. साध्या चालीने दहा मिनिटांत साधारण आठशे मीटर होतात, तेवढ्यात काय काय लागतं ते बघायचं. एजंटच्या तोंडची "स्टेशनपासून पाच मिनिटं" बऱ्याचदा रिक्षाची असतात.

या फेरीचा वृत्तांत वडिलांनी सांगितला आणि तो माझ्या अजून लक्षात आहे.

घोडबंदरला फुटपाथ सुरू व्हायचा आणि संपायचा. मध्ये विजेचा डीपी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, लावलेल्या बाइक. रहिवासी भागात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात; इथे मुलं एकामागे एक चालत होती आणि दर दोन मिनिटांनी रस्त्यावर उतरत होती. वडील न राहवून तीनदा ओरडले. नियम मोडला, म्हणून मुलांनी तिथेच खेळ थांबवला.

दुसऱ्या दिवशी मुलुंड. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा हा भाग क्राउन अँड कार्टर या आर्किटेक्ट जोडीने १९२२ साली पाटीवर रेघा माराव्यात तसा आखला. त्याचा फायदा आजही चालणाऱ्याला होतो. गल्ल्या लहान, दर थोड्या अंतरावर वळायला जागा, एक रस्ता आवडला नाही तर दुसरा आहेच. फुटपाथ तिथेही फार गुणाचा नाही, फेरीवाले आहेत, रिक्षा आहेत. पण फरसाणवाला, झेरॉक्सवाला, मेडिकल, पोळीभाजी केंद्र, सगळ्यांचे दिवे रस्त्यावर पडलेले. धाकट्याने कालिदास नाट्यगृहाजवळच्या क्रीडा संकुलाबाहेर पोहण्याच्या बॅचचा बोर्ड उभा राहून वाचला.

आणि मग एक टप्पा आला, जुन्या लांब कंपाउंडच्या भिंतीकडेचा. झाडाच्या फांद्यांत रस्त्यावरचा दिवा झाकलेला. वडिलांनी पाहिलं, की मुलीने चालता चालता कानातले इयरफोन काढून खिशात टाकले, सॅक पाठीवरून पुढे घेतली, भावाला पलीकडच्या बाजूला ओढलं आणि पाऊल उचललं. पुढच्या दुकानाचा उजेड आल्यावर इयरफोन परत कानात.

"मॅडम, हे तिला कोणी शिकवलं?"

आई म्हणाली, "कोणी नाही. आम्ही सगळ्याच करतो."

त्यांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यांनी बायकोला असं चालताना मागून कधी पाहिलंच नव्हतं.

या प्रसंगावरून आईची भीती वाढेल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. मुलगी नजर ठेवून चालते हे तिने पाहिलं. ती स्वतः साताऱ्यात वाढलेली, क्लासला चालत जाणारी. "आमच्या वेळी रस्ता ओळखीचा होता," ती म्हणाली. मी म्हटलं, रस्ता चालून चालूनच ओळखीचा होतो, गाडीच्या काचेतून होत नाही. मुलींसाठी बाहेर काहीच धोका नाही असं मी म्हणणार नाही, कुठलीही समुपदेशक म्हणणार नाही. म्हणून नियम ठरवायला लावले, तेही मुलीकडूनच. तो अंधारा टप्पा आठनंतर टाळायचा. पोचल्यावर आईला व्हॉट्सॲपवर फक्त एक टिंब पाठवायचं. "पोचले, जेवले, अमकी भेटली" वगैरे हिशेब नाही. टिंब आलं नाही तरच फोन. लोकेशन चालू ठेवायचं नाही, यावर वडील दोन दिवस अडून बसले होते.

मुलुंडच्या घराचे दोष होतेच, आणि मी ते कागदावर लिहायला लावले. तिसरा मजला आणि आजीचे गुडघे, यावर तडजोड होण्यासारखी नव्हती. चार महिने थांबून त्यांनी त्याच भागात पहिल्या मजल्याचं घर शोधलं. दोन मुलांना एक खोली, मध्ये कपाट उभं करून. जुनी सोसायटी म्हणजे रिडेव्हलपमेंट कधीही निघू शकतं आणि मग काही वर्षं भाड्याच्या घरात, हेही गृहीत धरलं. गाडी विकावी लागली नाही, पण रात्री उशिरा आल्यावर वडील जागा शोधत तीन फेऱ्या मारतात आणि मला त्याचे मेसेज करतात.

बोर्डाची परीक्षा झाल्यावर ते राहायला गेले, आधी नाही. माझा तेवढा एकच आग्रह होता.

मुलगी आता ठाण्यातच अकरावीला आहे, एक स्टेशन, लेडीज डबा. धाकट्याचं मात्र म्हणावं तसं जमलं नाही. पोहायला जातो, पण त्याचे मित्र पोडियमवर राहिले. दर रविवारी तो बसने जुन्या कॉम्प्लेक्समध्ये जातो आणि गेटवर पाहुणा म्हणून नाव लिहून आत शिरतो, याचा त्याला राग येतो. त्याला आणखी वर्षभर लागेल बहुतेक.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. सोसायटीने रिडेव्हलपमेंटसाठी सभा बोलावली आहे. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून वडील अस्वस्थ आहेत. मुलीने रात्री बसून कागदावर तीन रकाने आखले आणि फ्रिजवर लावून ठेवले. भाड्याची घरं बघायला जाल तेव्हा भरून आणा म्हणाली, आणि साडेसातलाच जा.