एका देशाचा एकच चित्रपट

प्रश्न : ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, पायल कपाडियांना दिग्दर्शनासाठी गोल्डन ग्लोबचं नामांकनही. मग ऑस्करला एकही नामांकन कसं नाही? परभाषेतले चित्रपट तिथे डावलतात का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिल्यांदा डावललं ते आपणच. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात तेव्हा दर देशाला एकच प्रवेशिका होती, आणि त्या वर्षी भारतानं ‘लापता लेडीज’ पाठवला. आता आपल्या अभिनेत्री छाया कदम दोन्ही चित्रपटांत, त्यामुळे मी रागवायचं तरी कोणावर! ‘लापता लेडीज’ नामांकनाआधी निवडलेल्या पहिल्या १५ मध्येही आला नाही. आला तो ‘संतोष’. भाषा हिंदी, गोष्ट उत्तर भारतातली, पाठवणारा देश ब्रिटन. ‘लाइट’मध्ये फ्रान्सचाही पैसा होता, पण फ्रान्सनं धाडला ‘एमिलिया पेरेझ’, तोही बराचसा स्पॅनिश.

बाकीच्या गटांत देशाची चिठ्ठी लागत नाही. अमेरिकेतल्या ठरावीक शहरांपैकी एकात चित्रपट सलग ७ दिवस थेटरात चालवावा लागतो. ‘आरआरआर’ असाच गेला. भारतानं तेव्हा गुजराती ‘छेल्लो शो’ पाठवला होता, आणि ‘नाटू नाटू’ गाण्याचं ऑस्कर घेऊन आलं. ‘लाइट’लाही ही वाट मोकळी होती, पण तिथे गाठ हॉलिवूडच्या बड्या चित्रपटांशी. मतदारांसाठी खेळ लावा, जाहिराती द्या, सगळा पैशाचा मामला. २००४ मध्ये ‘श्वास’साठी लोकवर्गणी झाली, ती याच खर्चापायी. मीही डब्यात ५० रुपये टाकले होते. नामांकन हुकलं, आणि आमची मुलगी अजून विचारते, “बाबा, तुमचे ५० रुपये परत आले का?”

२०२० मध्ये कोरियन ‘पॅरासाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, तेव्हा उपशीर्षकांची अडचण सुटली असं मलाही वाटलं होतं. पण त्याच्या सहा नामांकनांत नटांपैकी एकाचंही नाव नव्हतं, हे मला अजून खटकतं. खालची अक्षरं वाचताना वरचा चेहरा निसटतो की काय, कोण जाणे. सोफिया लॉरेनला १९६२ मध्ये इटालियन भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, तशी उदाहरणं मोजकीच.

‘लाइट’ पाहिला नसेल तर जरूर पाहा. छाया कदमांची पार्वती मुंबई सोडून गावी परतते, ते गाव तुमच्याच रत्नागिरीकडचं.