लेसरने रेणू बांधताना थंड वायू तापत का नाही?

प्रश्न : अतिशीत अणू लेसरने जोडून रेणू बनवतात. पण बंध तयार होताना ऊर्जा सुटते. मग तो वायू तापत कसा नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न आहे. दोन अणू नुसते आदळले तर रेणू टिकत नाही. सुटलेली ऊर्जा वाहून न्यायला तिसरे कोणी लागते. इथे ते काम प्रकाश करतो.

अमेरिकेत बोल्डर इथल्या ‘जिला’ (JILA) या भौतिकशास्त्र संस्थेतला 2008चा प्रयोग घ्या. पोटॅशियम-40 आणि रुबिडियम-87 यांचा वायू, तापमान सुमारे 350 नॅनोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. चुंबकीय क्षेत्र 546.7 गॉसच्या वरून खाली आणले की अणूंच्या सैल जोड्या जुळतात. त्यांवर दोन लेसर सोडतात. जोडी 970 नॅनोमीटरचा एक फोटॉन (प्रकाशकण) शोषते आणि 690 नॅनोमीटरचा एक सोडते. सोडलेल्या फोटॉनची ऊर्जा जास्त. हा फरक वारंवारतेच्या भाषेत सुमारे 125 टेराहर्ट्झ, म्हणजे तापमानाच्या भाषेत 6000 केल्विन! ही सगळी बंधऊर्जा लेसरच्या किरणातूनच निघून जाते. दोन्ही किरण एकाच दिशेने सोडल्यामुळे रेणूला धक्काही नगण्य बसतो.

प्रश्न : म्हणजे आधी 970चा लेसर, मग 690चा?

उत्तर : नाही, उलट! आधी 690चा लावायचा. मग काही मायक्रोसेकंदांत तो मंद करत 970चा वाढवायचा. 970 आधी लावला तर जोडी उत्तेजित अवस्थेत जाते. तिथून ती काही दशक नॅनोसेकंदांत कुठेही घसरते : बहुधा फुटून वेगवान अणू होतात, नाहीतर भलत्याच कंपनअवस्थेत अडकते. उलट क्रमात दोन्ही प्रकाशांचे परिणाम उत्तेजित अवस्थेपाशी एकमेकांना खोडतात, त्यामुळे तिथे जवळपास कोणी थांबतच नाही.

मात्र त्यासाठी दोन्ही लेसरांची कला (फेज, म्हणजे लहरींची लय) एकमेकींशी पक्की जुळलेली हवी. म्हणून ते एकाच फ्रिक्वेन्सी कॉम्बला (समान अंतरावरच्या अनेक वारंवारता देणाऱ्या, मोजपट्टीसारख्या लेसरला) बांधतात. बदल फार घाईने केला तर जोड्या मागे राहतात. फार रेंगाळला तर लेसरचा गोंगाट जुळणी मोडतो. त्या प्रयोगात 83 टक्के जोड्या तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत पोचल्या. मोजणी करायला हाच क्रम उलटा चालवून रेणू पुन्हा सैल जोड्यांत आणतात, कारण अणूंसाठीचा प्रकाश तळाच्या रेणूंना दिसत नाही.

प्रश्न : असे रेणू टिकतात किती?

उत्तर : या जोडीचे फार नाही. दोन रेणू भेटले की पोटॅशियमचे आणि रुबिडियमचे वेगळे रेणू बनतात. इतक्या थंडीतही ही अभिक्रिया थांबत नाही. सगळे रेणू एकाच क्वांटम अवस्थेत ठेवले तर ती 10 ते 100 पटींनी मंदावते, हे 2010 मध्ये दिसले.