सर्टिफिकेट आलं, मुलगा मात्र वाचत नाही

'मॅडम, दीक्षावरची निष्ठाची बाराही मॉड्यूल केली. सर्टिफिकेट आलं. तरी हा एक पोरगा वाचतच नाही. मी कमी पडते, की त्याचंच डोकं चालत नाही?' हिंगण्याकडच्या एका शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या बाई विचारत होत्या. दीक्षा म्हणजे सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ, निष्ठा हे त्यावरचं शिक्षकांचं ट्रेनिंग. असंच विचारणारे शिक्षक माझ्याकडे वरचेवर येतात.

'मॉड्यूल पाहिली कशी?' मी विचारलं. त्या ओशाळल्या, मग हसल्या. 'खरं सांगू? पोळ्या लाटताना मोबाइल लावून ठेवायची. उत्तरं ग्रुपवर यायचीच ना.' मला राग आला नाही. शेवटची तारीख डोक्यावर असताना आपणही हेच केलं असतं.

पुढच्या खेपेला मुलगा आईसोबत आला. घरी छत्तीसगढी बोलतात. पुस्तक उघडून तो धडाधडा धडा म्हणू लागला. बोट मात्र भलत्याच ओळीवर. मी 'तिबू', 'किमा' असे अर्थ नसलेले शब्द लिहिले, म्हणजे पाठांतराला वावच नाही. त्याने वाचलं 'तबू', 'कमा'. 'किती'चंही 'कती'. मुळाक्षरं येत होती, भ-म ची थोडी गल्लत सोडली तर. गाडी अडली होती वेलांटीवर. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. आपल्याला सवयीने हे जाणवतही नाही.

डोळे-कान तपासून घ्यायला सांगितलं. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातच अडथळा असण्याची, शंका बाईंना होतीच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अध्ययन अक्षमता आहे, गरज पडली तर तो मार्ग खुला आहे. पण अजून नीट शिकवूनच पाहिलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरावर शिक्का मारायची मला घाई नव्हती.

'तेच ट्रेनिंग पुन्हा उघडा,' मी म्हटलं. 'अख्खं नको. ध्वनींबद्दलचा भाग, दहा मिनिटं, फक्त ह्या पोरासाठी. दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढंच करा.' आधी पुस्तकाशिवाय, टाळीवर शब्द फोडायचे: सं-त्रा. मग 'क'चं कार्ड ठेवून उच्चारायचं, वेलांटीचं कार्ड त्याच्या डावीकडे सरकवायचं आणि आवाज कसा बदलला ते त्यालाच विचारायचं.

'आणि मिनिटाला पंचेचाळीस शब्द?' बाईंचा जीव त्या आकड्यात अडकलेला. निपुण भारत ही लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीची सरकारी मोहीम; तिचं लक्ष्य दुसरीला 45 ते 60, तिसरीला किमान 60, तेही समजून वाचलेले. मी घड्याळ बाजूला ठेवायला सांगितलं. घड्याळ लावलं की हा पोरगा पुन्हा पाठ म्हणणार.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी व्हिडिओ पाठवला. बोट आधी 'क'वर, मग मागे वेलांटीवर, बराच वेळ शांतता, आणि 'किती'. जोडाक्षरं अजून लांब आहेत. खाली मेसेज होता: 'वर्गात असे अजून चार आहेत मॅडम. त्यांच्यासाठी कोणता भाग पाहू?'