पऱ्हाटी वेचायची राहिली का?

मावशी, मी घाटंजी तालुक्यातला. पोळ्याच्या आठवड्यात भांडण झालं, बायको माहेरी गेली ती अजून आली नाही. आमच्या दुराव्यावर मी मोबाईलवर ११ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. संवाद नाहीतच. नायक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून वाट पाहतो, मागे पऱ्हाटीचं, कापसाचं पांढरंशुभ्र वावर, बोंडांवर दव, म्हणजे तिचे अश्रू. मित्रांचे डोळे भरून आले. तिला पाठवली, तर उत्तर काय आलं? ‘पऱ्हाटी वेचायची राहिली का?’ बस. एवढी कोरडी बाई असते का? आता दुसरा भाग काढावा म्हणतो.

बाबू, ती ओळ तू गाऱ्हाणं म्हणून लिहिलीस. मी चारदा वाचली. मित्रांना धुऱ्यावर बसलेला तू दिसलास. तिला तुझ्या पाठीमागं लोंबणारा कापूस दिसला. तुझ्या पिक्चरमधलं वावर तिनं एकटीनं पाहिलं रे!

सगळं वावर पांढरं दिसतंय याचा अर्थ वेचा चुकलाय. फुटलेला कापूस झाडावर राहिला की त्यात पाल्याचा चुरा अडकतो, वाऱ्यानं खाली गळतो, अवकाळी आला तर पिवळा पडतो, मग व्यापारी भाव पाडतो. आणि ते दव. दवात वेचलेला कापूस तसाच घरात भरला की खराब होतो; खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत. म्हणून वेचणाऱ्या बाया ऊन चढू देतात. तू त्या वेळात अश्रूंचं शूटिंग उरकलंस.

गेल्या साली कोणी वेचलं, हे तू लिहिलं नाहीस. नकोच लिहू. वाळल्या बोंडाची टोकं बोटांत शिरतात, नखाशेजारी चिरा पडतात, रात्री कणीक मळताना मीठ झोंबतं. ते हात तुझ्या ११ मिनिटांत कुठं आहेत? सांग ना.

कोरडी म्हणे! घर सोडून गेलेली बाई तुझ्या घरचा कापूस विचारते आहे आणि तू मला दुसऱ्या भागाचं विचारतोस.

दुसरा भाग काढायचा नाही. उद्या ऊन चढलं की कमरेला ओटी बांध आणि झाडांच्या पहिल्या ओळीला लाग. मोबाईल घरी. मजूर लावून मोकळा होऊ नकोस, तू स्वतः वेच. संध्याकाळी काट्यावर घाल आणि जेवढा भरेल तेवढा आकडा तिला फोन करून सांग. गाणं नको, शेर नको, ‘तुझ्याविना’ वगैरे तर अजिबात नको. तुझ्या हातानं पहिल्या दिवशी १५ किलोही व्हायचा नाही. ती हसेल.

हसू दे.