घरात ४ आणि ७ वर्षांची मुलं आहेत, कोणती मांजर आणावी?

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन लहान मुलं, आणि त्यांनी मोबाइलवर बघून पसंत केलेलं पांढरं पर्शियन पिल्लू, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसू आलं, कारण बडोद्यात आम्हीही अगदी अशीच सुरुवात केली होती आणि सपशेल फसलो होतो.

दुकानदाराने पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून दिलं. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. दाढा अजून हिरडीतच, डोळेही निळेच. जेमतेम पाच आठवड्यांचं निघालं. इतक्या लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाला खेळताना किती जोरात चावायचं हे कळत नाही, कारण ते भावंडांशी मस्ती करूनच शिकायचं असतं. धाकटीच्या मनगटावर कायम ओरखडे. त्यात मे महिना आला. चपटं नाक, अंगावर ते घोंगडं आणि आपलं बडोद्याचं ऊन! रोज विंचरलं नाही की केसांच्या गाठी, डोळ्यांतून सतत पाणी. शेवटी ते नणंदेकडे गेलं. तिच्याकडे एसी आहे आणि लहान मूल नाही. तिथे राजासारखं राहतंय.

म्हणून माझं मत विचाराल तर पिल्लू आणूच नका. दीड-दोन वर्षांची, साधी देशी, मुलांच्या घरात वावरलेली मांजर बघा. पिल्लू मोठेपणी कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. मोठ्या मांजरीचा स्वभाव तुमच्यासमोर असतो. ‘लहानपणापासून वाढवलं तरच माया लागते’ हे मलाही दहा जणांनी ऐकवलं होतं. तसं काही नसतं.

आमची चिंगी दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातली. ओळखीच्या आजींकडे तीन-चार मांजरं होती. मी ओट्यावर चहा घेत बसले होते, तेवढ्यात आजींच्या नातवाने स्टीलची वाटी फरशीवर आपटली. दोन मांजरं जिन्याने वर पसार झाली, ती मी निघेपर्यंत दिसली नाहीत. एक पट्टेरी भाटी दचकली, चार पावलं पळाली, थांबली, मागे वळली आणि येऊन वाटी हुंगू लागली. तिलाच घेऊन आले. आवाजाला न दचकणारी मांजर शोधू नका, तशी नसतेच. दचकल्यावर किती लवकर सावरते ते बघा. मुलांच्या घरात दिवसातून दहा वाट्या पडतात.

बघायला जाताना मुलांना न्या, पण जमिनीवर गप्प बसवा. मांजर आपणहून जवळ आली तर पाठीवरून हात फिरवू द्या, पोटाला नाही. शेपटी आपटायला लागली किंवा कान मागे पडले की हात काढायचा, हे मुलांना तिथेच दाखवा. घरी एकच नियम कडक ठेवा: खाताना, झोपलेली असताना आणि शी-शूसाठी ठेवलेल्या तिच्या मातीच्या डब्यात असताना हात लावायचा नाही. एखाद्या कपाटाचा माथाही रिकामा करून द्या, कंटाळली की तिला चढून बसता येईल.

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तुमच्याकडेही तसं असेल तर हे आधीच ठरवा. दूध-पोळीवर मांजर जगवता येत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. आम्ही मांजरांचं तयार कोरडं खाणं देतो. सासूबाई पाकिटावरचा मजकूर मुद्दाम वाचत नाहीत!

लस, जंताचं औषध, नसबंदी हे डॉक्टर सांगतीलच. तरी चावली किंवा नख लागून रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. घरचीच आहे म्हणून सोडू नका. आणि मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉल सिरप उंचावर ठेवा. मांजरीला ते विष आहे, आणि चार वर्षांची मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळतात.

तिसरा मजला आहे, म्हणजे खिडक्यांना जाळी हवीच. कबुतरांसाठी लावलेली असेल तर ती हाताने ताणून बघा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीत, दोन्ही दिवस गॅलरीचं दार बंद. मांजा पायात अडकतो.

चिंगी पहिले तीन दिवस पलंगाखालून निघाली नव्हती. चौथ्या दिवशी थोरला खाली बसून गृहपाठ करत होता, तर येऊन सरळ वहीवर बसली. तुमच्याकडे आठवडा लागला तरी पलंगाखाली हात घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका.