बॉयलरचं प्रेशर पाच दिवसांत 1.4 वरून 0.6: गळती बंद करणारी बाटली ओतण्याआधी

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: इंग्लंडमधल्या रेडिंगमधलं घर, काँबी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा), नऊ रेडिएटर. प्रेशर 1.4 बारला भरलं की पाच दिवसांत 0.6 होतं. बेडरूमच्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर हिरवट-पांढरा थर आलाय आणि खालचं कार्पेट किंचित दमट लागतंय. अशा वेळी लीक सीलरची बाटली ओतून मोकळं व्हावं का?

आत्ता ओतू नका. आधी पाण्याचा हिशोब करू. काँबीतली एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी) साधारण 8 लिटरची असते आणि तिच्यात रबरी पडद्याच्या पलीकडे 0.75 बार हवा भरलेली असते. ती ठणठणीत असेल तर 1.4 वरून 0.6 वर यायला दोन लिटरच्या आसपास पाणी बाहेर जावं लागतं. म्हणजे पाच दिवस, रात्रंदिवस, दर 10 सेकंदांना एक थेंब. एवढं पाणी त्या एका व्हॉल्व्हमधून गेलं असतं तर कार्पेट किंचित दमट नाही, चिंब झालं असतं. म्हणून एक तर आणखी कुठून तरी पाणी जातंय, नाही तर टाकीतली हवा गेली आहे. हवा गेलेली असली की कपभर पाणी कमी झालं तरी प्रेशर गेजचा काटा धाडकन खाली येतो.

हे ओळखणं सोपं आहे. हीटिंग लावा आणि काटा बघत राहा. पाणी तापलं की फुगतं. टाकी ते सामावून घेते आणि काटा 1.4 वरून साधारण 2 च्या आसपास जातो. पण तो चढत 3 कडे निघाला तर दोष टाकीचा. 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी घराबाहेर जातं, आणि थंड झाल्यावर काटा 0.6 दाखवतो. हे पाणी जिथून पडतं तो, बाहेरच्या भिंतीतून आलेला, तोंड भिंतीकडे वळवलेला 15 मिमीचा तांब्याचा पाइप शोधा. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीत पाणी सापडलं तर गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कामाची अधिकृत नोंदणी) नोंदणी असलेला इंजिनिअरच बोलवा, कारण बॉयलरचं झाकण उघडून आत हात घालणं आपलं काम नाही. टाकीत हवा भरताना पाण्याच्या बाजूचं प्रेशर शून्यावर आणलेलं हवं, नाही तर गेज खोटा आकडा दाखवतो. हे त्यांना माहीत असतंच, तरी विचारून घ्या. हवेच्या नॉझलमधून पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी बदलावी लागेल. सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उघडला की त्याच्या सीटवर कचरा अडकतो आणि तो नीट मिटत नाही, म्हणून बऱ्याचदा टाकी आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकदम बदलावे लागतात.

पिशवी कोरडी आणि काटा 2 च्या आसपासच राहिला, तर बॉयलर बंद करून थंड होऊ द्या. बॉयलरखालचे फ्लो (गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा पाइप) आणि रिटर्नचे (ते परत आणणारा पाइप) दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर गळती बॉयलरमध्ये. काटा जागच्या जागी राहिला, तर ती पाइप किंवा रेडिएटरमध्ये. बॉयलर पुन्हा लावण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका.

बेडरूमचा व्हॉल्व्ह मात्र काहीही झालं तरी दुरुस्त करायचाच आहे. सगळं पुसून कोरडं करा, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा. पाणी खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला कागदच खरा.

स्पिंडलच्या (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी ओल असेल तर ग्लँड नट (स्पिंडलभोवतीचा नट) पाव फेऱ्याहून कमी आवळा. बहुतेकदा तेवढ्यानेच थांबतं. नाहीच थांबलं तर प्रेशर शून्यावर आणा, नट सोडवा, पीटीएफई टेपची (प्लंबर आट्यांवर गुंडाळतात ती) दोरीसारखी वळी करून स्पिंडलभोवती चार-पाच वेढे द्या, बारीक स्क्रूड्रायव्हरने आत दाबा, नट परत लावा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडणारा-मिटणारा) पिनपाशीच गळत असेल तर सरळ नवा घ्या.

पाइप व्हॉल्व्हमध्ये शिरतो त्या नटाला दोन पाने लागतात: एकाने व्हॉल्व्हचं अंग घट्ट धरा, दुसऱ्याने नट पाव फेरा आवळा. एकच पाना वापरलात तर पाइप पिळला जातो आणि दुसरा जोड सुटतो. तरीही गळत राहिला तर पाणी काढून नट सोडवा आणि आतल्या पितळी ऑलिव्हवर (पाइपभोवतीच्या कड्यावर) टेपचे दोन-तीन वेढे द्या. इथे आट्यांवर टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, कारण पाणी आटे अडवत नाहीत, ऑलिव्ह अडवतं. रेडिएटरमध्ये फिरवून बसवलेल्या टेलचं (व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडणाऱ्या तुकड्याचं) मात्र उलट आहे: तिथे आटेच सील करतात, म्हणून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने 10 ते 15 वेढे हवेत.

टेल काढायची असेल तर आधी रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करा. लॉकशील्ड (दुसऱ्या टोकाचा, टोपीखालचा व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेरे फिरले ते लिहून ठेवा, नाही तर बॅलन्सिंग (रेडिएटरांमधली पाण्याची वाटणी) बिघडतं. थर्मोस्टॅटिक हेडवर विसंबू नका; खोली गार झाली की ते आपोआप उघडतं, म्हणून त्याजागी बंद करणारी टोपी लावा. एक मीटर लांबीच्या डबल पॅनल रेडिएटरमध्ये पाच-सहा लिटर काळं पाणी असतं आणि त्याचे कार्पेटवरचे डाग जात नाहीत. पसरट ट्रे आणि जुने टॉवेल आधीच मांडून ठेवा.

भरताना फिलिंग लूपने (नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरायच्या नळीने) 1.2 ते 1.5 बार करा, दोन्ही चाव्या बंद करा, नळी काढून ठेवा. रेडिएटरमधली हवा काढा. पाणी काढलं असेल तर इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) परत घालावाच लागेल. दर पाच दिवसांनी ताजं पाणी भरत राहणं सगळ्यात घातक, कारण प्रत्येक वेळी नवा प्राणवायू आत जातो. त्याने लोखंड गंजतं, काळा गाळ साठतो आणि शेवटी रेडिएटरलाच बारीक छिद्रं पडतात. अशा छिद्राला कुठलाही लेप टिकत नाही, रेडिएटर बदलावा लागतो.

सीलर वापरायचा तो फक्त काँक्रीटखाली पुरलेल्या पाइपची बारीक पाझर असेल आणि फरशी फोडायची नसेल तेव्हा. फुटलेला टाकीचा पडदा किंवा गळका सेफ्टी व्हॉल्व्ह त्याने बरा होत नाही. घर भाड्याचं असेल तर यातल्या कशालाही हात लावू नका. इंग्लंडमध्ये 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम 11 नुसार हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे येते. त्यांना लेखी कळवा.

पिशवी आणि गेज, दोन्हींचे आकडे इथे टाका: थंड असतानाचा, आणि हीटिंग तासभर चालल्यानंतरचा. पुढचं त्यावरून सांगता येईल.